मिओवेनीची गाडी, सातपूरची गाडी

नाशिकमध्ये अजूनही एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोगान उभी दिसते, आणि शिर्डी-त्र्यंबकच्या फेऱ्या करणारे जुने टॅक्सीवाले तिच्या डिझेल इंजिनाच्या मायलेजबद्दल आजही आपुलकीने बोलतात. पुढे तिचेच नाव व्हेरिटो झाले. महिंद्रा आणि रेनॉ यांनी भागीदारीत आपल्या नाशिकच्या कारखान्यात २००७ पासून बनवलेली ही मोठ्या डिकीची, साध्या चेहऱ्याची गाडी बहुतेकांना फ्रेंच वाटते. परंतु तिचे खरे माहेर रोमानिया आहे, आणि ज्या मिओवेनी गावी ती पहिल्यांदा तयार झाली त्या गावापासून जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर, पितेश्ती या शहरात, मी सध्या राहते.

पितेश्ती हे आर्जेश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. राजधानी बुखारेस्टपासून इथवर येणारा महामार्ग १९७२ साली खुला झाला आणि तो या देशातला पहिला द्रुतगती महामार्ग होता. देशातला पहिला असा रस्ता नेमका याच शहरापर्यंत का आणला गेला असावा, याचा अंदाज इथे दोन-चार महिने राहिले की कुणालाही येतो. शहराचा बराचसा संसार मोटारीवर चालतो. मी इथे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत पत्र्याच्या भागांची गुणवत्ता तपासण्याचे काम करते. माझे बाबा नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान युनिटमध्ये प्रेसवर होते, त्यामुळे डाय, बर, रिजेक्शन, व्हेंडर हे शब्द सिडकोतल्या आमच्या घरात लहानपणापासून कानावर पडत आलेले आहेत. नाशिकहून फोन आला की नातेवाईक आणि जुने सहकारी हमखास विचारतात, की रोमानियासारख्या लहान देशाची स्वतःची गाडी आहे तरी का, आणि असली तर ती खरोखर त्यांची आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, आणि ते नाशिकच्या कारखानदारीलाही लागू पडते असे मला वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रोमानियाला मोटारीचे वेड जुने आहे. आउरेल पेर्सू या अभियंत्याने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाण्याच्या थेंबासारख्या आकाराची, वाऱ्याचा विरोध कमीत कमी होईल अशी गाडी बांधली होती, आणि तिची चाके त्याने अंगाबाहेर न ठेवता अंगाच्या आत घेतली होती. ती गाडी आजही बुखारेस्टच्या तांत्रिक संग्रहालयात पाहायला मिळते. १९३० च्या दशकात फोर्डने बुखारेस्टमध्ये गाड्या जोडायला सुरुवात केली, आणि दुसरे महायुद्ध संपता संपता मालाक्सा या उद्योगपतीच्या कारखान्यात मागे इंजिन असलेली एक देशी मोटार थोड्या संख्येने तयारही झाली; पण नव्या कम्युनिस्ट राजवटीत तिचा निभाव लागला नाही. हे सगळे प्रयत्न गुणी माणसांचे होते, परंतु ज्याला आपण उद्योग म्हणतो तो यातून उभा राहिला नाही.

उद्योग उभा राहिला तो सरकारच्या निर्णयाने. १९६६ मध्ये मिओवेनी इथे, म्हणजे तेव्हाच्या कोलिबाश गावी, कारखान्याचे काम सुरू झाले. गाडी शून्यातून आखत बसण्यापेक्षा परदेशी परवाना घ्यावा असे ठरले, अनेक कंपन्यांचे प्रस्ताव तपासले गेले आणि अखेर रेनॉची निवड झाली. मूळ बेत रेनॉ १२ या मॉडेलचा होता, परंतु ती गाडी फ्रान्समध्येच अजून तयार व्हायची होती. म्हणून मधल्या काळासाठी रेनॉ ८ वर आधारलेली दाचिया ११०० (दाचिया हे या भूमीचे प्राचीन नाव, तेच कंपनीला आणि गाडीला दिले) काढण्यात आली आणि तिचे पहिले वाहन २० ऑगस्ट १९६८ रोजी लाइनवरून उतरले. ते राष्ट्रप्रमुख चाउशेस्कू यांना भेट देण्यात आले. पुढच्याच वर्षी दाचिया १३०० आली, आणि रोमानियातल्या कोणत्याही घरात गाडीचा विषय निघाला की जिच्यावर येऊन थांबतो ती हीच. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी जशी परदेशी आराखड्यावर बेतलेली असूनही पूर्णपणे आपली झाली होती, तशीच ही १३०० इथे आपलीशी झाली.

तिच्यासाठी पैसे आधी बँकेत भरावे लागत आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून बसलेली पिढी ज्यांनी आपल्या घरात पाहिली आहे त्यांना ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. १९८० च्या दशकात इंधनाची टंचाई इतकी वाढली की रविवारी एका आठवड्याला सम क्रमांकाच्या आणि पुढच्या आठवड्याला विषम क्रमांकाच्या गाड्यांनाच रस्त्यावर यायची मुभा असे. आमच्या कंपनीतले निवृत्तीला आलेले एक टूल रूमचे कारागीर सांगतात, की त्यांच्या वडिलांच्या आणि काकांच्या गाड्यांपैकी एकीचा क्रमांक सम आणि दुसरीचा विषम होता, त्यामुळे दर रविवारी आजीच्या गावी जायला दोन्ही कुटुंबे एकाच गाडीत दाटीवाटीने बसत. इतक्या खटपटीने मिळालेली गाडी लोक जिवापाड जपत, आणि ती बिघडली तर स्वतःच दुरुस्त करत, कारण सुटे भागही सहज मिळत नसत. अजूनही इथल्या जुन्या वसाहतींमध्ये इमारतीखाली बॉनेट उघडून, बाजूला वर्तमानपत्रावर कार्ब्युरेटरचे भाग ओळीने मांडून बसलेले आजोबा दिसतात, आणि त्यांच्या हाताच्या सफाईवरून कळते की हे काम त्यांनी आयुष्यभर केलेले आहे. माझ्या मते रोमानियाच्या मोटार उद्योगाचे खरे भांडवल इथे, या घराघरांतल्या हातांमध्ये साठले. परदेशी कंपनी पुढे इथे आली तेव्हा तिला स्वस्त मजूर मिळाले हे खरेच आहे, पण पत्रा आणि इंजिन ओळखणारा कारागीरही मिळाला, ही गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही.

रेनॉबरोबरचा परवाना १९७८ मध्ये संपला आणि दाचिया स्वतःच्या बळावर तीच गाडी बनवत राहिली. चेहरा बदलला, दिवे बदलले, नाव १३१० झाले, स्टेशन वॅगन आणि पिकअप निघाल्या. सांगाडा मात्र तोच राहिला. मोटारगाडी आणि स्टेशन वॅगन २००४ च्या जुलैपर्यंत आणि पिकअप २००६ च्या अखेरपर्यंत बनत होत्या. पिकअप सोडून सगळ्या मिळून सुमारे वीस लाख. एकच मूळ आराखडा पस्तीस वर्षे चालवणे हे कौतुकाचे नाही, पण त्या काळात कारखाना बंद पडला नाही, प्रेस शॉप आणि फौंड्री चालू राहिली आणि माणसे कामावर राहिली, याचे मोल पुढे कळले. १९९५ मध्ये दाचियाने रोमानियातच आखलेली नोव्हा ही गाडी काढली. तोवर चाउशेस्कूंची सत्ता उलथवणाऱ्या १९८९ च्या डिसेंबरातल्या उठावानंतर सीमा उघडल्या होत्या, पश्चिमेकडून जुन्या वापरलेल्या गाड्यांचा लोंढा आला होता, आणि नोव्हाला त्यांच्यापुढे टिकणे कठीण गेले.

आता आरो या रोमानियन जीपची गोष्ट सांगायला हवी, कारण देशी गाडी म्हणजे काय हा प्रश्न तिच्याशिवाय पुरा होत नाही. आमच्याच जिल्ह्यात उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, किंपुलुंग नावाचे जुने शहर आहे. तिथे १९५७ मध्ये आयएमएस-५७ ही जीप बनू लागली, जिचा नमुना सोव्हिएत गाझ-६९ होता. पुढे एम-४६१ आली आणि १९७२ मध्ये आरो २४० आली, जी रोमानियन अभियंत्यांनी स्वतः आखलेली होती. आरोच्या जीप लष्करात होत्या, शेतात होत्या, जंगल खात्यात होत्या, आणि फार मोठ्या प्रमाणावर निर्यात होत होत्या. पोर्तुगालमध्ये तर त्या पोर्तारो या नावाने जोडल्या जात. म्हणजे दाचियाचा आराखडा फ्रेंच असताना आरो ही अस्सल देशी होती, आणि ती परदेशात नावही कमावून होती.

तरीही टिकली दाचिया, आणि गेली आरो. १९८० मध्ये लहान आरो १० आली, पण मोठ्या गाडीचा मूळ सांगाडा १९७२ चाच राहिला. नव्या मॉडेलसाठी लागणारा पैसा ना सरकारकडे होता ना बाजाराकडे. २००३ मध्ये कारखाना एका अमेरिकी गुंतवणूकदाराला विकला गेला, नवे मॉडेल आलेच नाही, २००६ मध्ये दिवाळे निघाले आणि यंत्रे भंगारात गेली. किंपुलुंगमध्ये ज्या कुटुंबांनी दोन-दोन पिढ्या त्या कारखान्यात घालवल्या त्यांच्याशी बोलताना मला सातपूर आणि अंबडमधल्या बंद शेडची आठवण येते, आणि त्यांचा राग अगदी रास्त वाटतो. आपल्याकडे याच सुमारास काय घडत होते तेही पाहावे. आपल्या महिंद्रानेही १९४७ मध्ये विलीज जीप जोडण्यापासूनच सुरुवात केली होती, म्हणजे आरोसारखीच दुसऱ्याच्या जीपवर. पण त्यांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या तरुण अभियंत्यांकडून नवी गाडी आखून घेतली, आणि २००२ मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ बाहेर पडली. ज्या काळात किंपुलुंगची लाइन थंडावत होती त्याच काळात सातपूरची लाइन तीन पाळ्यांनी तापत होती. कारागिरी दोन्हीकडे होती; नव्या मॉडेलवर पैसा लावायची हिंमत एकीकडेच झाली.

रोमानियातल्याच क्रायोव्हा शहरातल्या कारखान्याबद्दल थोडक्यात सांगते. १९७६ मध्ये सिट्रोएनबरोबर करार होऊन तिथे ओल्टचिट ही लहान गाडी निघाली, १९९४ मध्ये दक्षिण कोरियाची देऊ आली आणि तिने तिथे सिएलो आणि मॅटिझ बनवल्या (आपल्या रस्त्यांवरही त्याच सुमारास या दोन्ही गाड्या होत्या, हे अनेकांना आठवेल), देऊ बुडाल्यावर काही वर्षांनी फोर्डने कारखाना घेतला आणि आज तिथे प्यूमा बनते. तिमिशोआरा शहरात १९८८ ते १९९१ दरम्यान लस्तून नावाची दोन सिलिंडरची, फायबरच्या अंगाची चिमुकली गाडीही निघाली होती. तो प्रयोग फसला, आणि त्यावर फार शब्द खर्च करावेत असे नाही.

१९९९ मध्ये रेनॉने दाचियाचे ५१ टक्के भाग घेतले. तेव्हा कारखान्यात पंचवीस हजारांहून अधिक माणसे होती आणि पुढच्या काही वर्षांत ती संख्या निम्म्याच्या आसपास आली. ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी हा काळ फार कठीण होता, आणि पुढच्या यशाची गोष्ट सांगताना हा भाग गाळणे अन्यायाचे होईल. रेनॉचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांच्या मनात मात्र एक स्पष्ट कल्पना होती. रशियात सुमारे सहा हजार डॉलरची लाडा धडाक्याने विकली जाताना त्यांनी पाहिली होती, आणि पाच हजार युरोंची आधुनिक, विश्वासार्ह, घरच्या माणसांना आणि सामानाला पुरेल अशी गाडी का बनू शकत नाही, हा प्रश्न त्यांनी आपल्या अभियंत्यांपुढे ठेवला. २००४ मध्ये दाखवली गेलेली लोगान हे त्या प्रश्नाचे उत्तर होते.

ती किंमत कशी साधली हे जवळून पाहण्यासारखे आहे. पुढची काच कमी वक्र ठेवली, कारण जास्त वाकवलेली काच महाग पडते आणि बनवताना वायाही अधिक जाते. दोन्ही बाजूंचे बाहेरचे आरसे अगदी सारखे केले, म्हणजे डावा आणि उजवा यांना दोन साचे लागत नाहीत. दारावरच्या पट्ट्यांचेही तेच. डॅशबोर्ड एकाच साच्यातून एका तुकड्यात काढला. पत्र्याला खोल घड्या आणि तीक्ष्ण कडा दिल्या नाहीत, त्यामुळे प्रेसचे टप्पे कमी झाले. जे रेनॉच्या दुसऱ्या गाड्यांमध्ये आधीच सिद्ध झालेले होते ते इंजिन आणि गिअरबॉक्स जसेच्या तसे घेतले. आणि भाग जवळच्या पुरवठादारांकडून घ्यायचे ठरवून त्यांना कारखान्याच्या आवारातच आणून बसवले.

आमच्या खात्यात नवीन आलेल्या मुलामुलींना मी लोगानच्या जुन्या दाराचे पॅनल मुद्दाम दाखवते. प्रेसमधून निघालेल्या पॅनलवर आम्ही हातमोजा घालून तळवा सावकाश फिरवतो, आणि डोळ्यांना न दिसणारा उंचवटा किंवा खळगा बोटांना जाणवतो. शंका आली तर ऑइल स्टोन हलक्या हाताने घासतो, मग जिथे पत्रा उंच आहे तिथे दगडाचा ओरखडा उमटतो आणि जिथे खोल आहे तिथे तो पोचतच नाही. ज्या पॅनलवर घड्या कमी त्यावर दोष लपायला जागा कमी असते, म्हणून साधा पत्रा सपाट आणि निर्दोष काढणे हे नक्षीदार पत्र्यापेक्षा सोपे नसते. लोगानचे दार दिसायला अगदी साधे आहे, पण त्या साधेपणामागे कुणीतरी फार विचार केलेला आहे, हे त्या पॅनलवर हात फिरवला की मला दर वेळी पटते. स्वस्त आणि हलक्या दर्जाचे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणे हेच या कारखान्याचे कौशल्य आहे.

लोगान मुळात पश्चिम युरोपसाठी नव्हती. पण फ्रान्स आणि जर्मनीतल्या लोकांनीच ती मागितली, म्हणून २००५ पासून ती तिकडेही विकायला सुरुवात झाली. त्यानंतर सँडेरो आली, २०१० मध्ये डस्टर आली (चेन्नईजवळ बनून २०१२ पासून आपल्याकडे रेनॉच्या नावाने विकली गेलेली डस्टर मूळची हीच), आणि २०२४ मध्ये दाचिया सँडेरो ही संपूर्ण युरोपात सर्वाधिक विकली गेलेली गाडी ठरली. ज्या देशात चाळीस वर्षांपूर्वी गाडीसाठी रांगा लागत, त्या देशाचे नाव लावणारी गाडी आज जर्मन आणि फ्रेंच कुटुंबे स्वतःच्या पैशाने, कंपनीच्या सवलतीशिवाय विकत घेतात, याचा इथल्या माणसांना मनापासून अभिमान आहे आणि तो मला फार आवडतो.

मग हीच लोगान नाशिकमध्ये का रुजली नाही? उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, दीड लिटर डिझेलची ही गाडी उत्तम चालत होती, हे तिच्या मालकांनीच वेळोवेळी सांगितलेले आहे. अडचणी दोन होत्या. पहिली कराची: २००६ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात मोठी सवलत होती आणि लोगानची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास होती, त्यामुळे ज्या गाडीचा सगळा जीव कमी किमतीत होता तिची किंमतच स्पर्धेत कमी राहिली नाही. टाटांनी २००८ मध्ये इंडिगो कापून चार मीटरच्या आत आणली. महिंद्राने व्हेरिटोची आखूड आवृत्ती २०१३ मध्ये काढली, तोवर वेळ निघून गेली होती. दुसरी अडचण माणसांच्या मनातली होती. युरोपात लोगानचा साधेपणा हा शहाणपणा ठरला. आपल्याकडे पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबासाठी गाडी ही प्रतिष्ठेचीही वस्तू असते, आणि पाच-सहा लाख रुपये मोजून टॅक्सीसारखी दिसणारी गाडी घ्यायला माणसे हात आखडता घेत होती. २०१० मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली.

याकडे केवळ अपयश म्हणून पाहणे मला पटत नाही. लोगानमुळे सातपूर-अंबडच्या किती तरी पुरवठादारांनी युरोपीय मोजमापांचे, कागदपत्रांचे आणि तपासणीचे शिस्तशीर काम पहिल्यांदा केले. बाबांच्या युनिटकडेही तेव्हा तिच्या काही ब्रॅकेटचे काम आले होते, आणि मापाच्या मर्यादा इतक्या काटेकोर होत्या की फिक्स्चर, म्हणजे भाग जागच्या जागी धरून ठेवणारी चौकट, नव्याने बनवावे लागले. पुढे त्याच फिक्स्चरच्या पद्धतीने ते दुसऱ्या गाड्यांचे भाग काढू लागले. मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, नोझल आणि इंजेक्टरच्या कामामुळे नाशिकला अचूकतेची सवय आधीपासून होतीच. पत्र्याच्या कामात ती सवय लोगानने वाढवली, असे मी माझ्या अनुभवावरून म्हणते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते: दाचिया खरोखर रोमानियाची आहे का? मालकी फ्रान्समध्ये आहे आणि कोणते मॉडेल कुठे बनवायचे हा निर्णयही तिकडेच होतो. २०१२ मध्ये मोरोक्कोतल्या तांजियरचा मोठा कारखाना सुरू झाला, तिथे मजुरी कमी आहे आणि बंदर अगदी दाराशी आहे, आणि आज सँडेरोचे मुख्य घर मोरोक्को झालेले आहे. २००८ मध्ये मिओवेनीच्या कामगारांनी सुमारे तीन आठवड्यांचा संप करून पगारवाढ मिळवली होती, तेव्हा त्यांचा सरासरी पगार महिना तीनशे युरोंच्याही आत होता. त्यांची मागणी रास्त होती आणि ती मान्य झाली हे चांगलेच झाले. पण त्या दिवसापासून मिओवेनीत पगारवाढीचा करार आला की मोरोक्कोचे नाव निघतेच. विजेवर चालणारी दाचिया स्प्रिंग तर चीनमध्ये बनते. तिची मुळे रेनॉ क्विडमध्ये आहेत, आणि लोगानची जबाबदारी सांभाळलेले जेरार देतूरबे हेच अभियंते क्विडसाठी चेन्नईत जाऊन राहिले होते. म्हणजे मिओवेनीत सुरू झालेला विचार चेन्नईत वाढला आणि चीनमार्गे युरोपात परत आला, पण त्या गाडीचा एकही पत्रा मिओवेनीत दाबला जात नाही.

नाशिकच्या वाचकांना यातली वेदना लगेच कळेल. इथे जसे मोरोक्कोचे नाव निघते तसे आपल्याकडे चाकणचे निघते. एक्सयूव्ही ७०० चाकणला, स्कॉर्पिओ-एन चाकणला, विजेवरच्या नव्या गाड्याही चाकणला. नाशिककडे बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, थार आणि एक्सयूव्ही ३एक्सओ आहेत, इगतपुरीला इंजिने आहेत, पण पुढचे मॉडेल कुठे जाणार ही धाकधूक निमा-आयमा या उद्योजक संघटनांच्या बैठकांपासून सातपूर कॉलनीतल्या चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे असते. मालक देशी असला, अगदी आपल्याच राज्यातला असला, तरी ही धाकधूक चुकत नाही, हे रोमानियात आल्यावर मला नीट उमगले. कारखाना सुरक्षित राहतो तो मालकाच्या पासपोर्टमुळे नव्हे. पुढचे मॉडेल तिथेच बनवणे सोयीचे आणि फायद्याचे ठरावे इतकी कसबी माणसे, इतके पुरवठादार आणि इतके आराखड्याचे काम त्या परिसरात रुजलेले असेल, तरच तो राहतो.

रोमानियाने या बाबतीत एक गोष्ट फार चांगली केली. रेनॉने २००७ च्या सुमारास बुखारेस्टमध्ये अभियांत्रिकीचे मोठे केंद्र उभारले आणि २०१० मध्ये बुखारेस्ट-पितेश्ती रस्त्यालगत तितू इथे चाचणी केंद्र सुरू केले, जिथे खराब रस्ते, पाणी, थंडी, धूळ अशा सगळ्या परीक्षांसाठी मार्ग आणि यंत्रे आहेत. डस्टरसारख्या गाड्यांचे पुष्कळ काम या केंद्रांतल्या तरुण रोमानियन अभियंत्यांच्या हातून होते. त्यामुळे मोरोक्को स्वस्त असूनही डस्टर मिओवेनीत राहिली, आणि अलीकडे आलेली मोठी बिगस्टरही इथेच बनते. पुरवठादारांचे जाळेही देशभर विणले गेले: पितेश्तीत वायर हार्नेस (गाडीतल्या तारांचे जुडगे), तिमिशोआरात आणि स्लातिनात टायर, सेबेशला गिअरबॉक्स. हार्नेसच्या कारखान्यांत बायकांची संख्या फार मोठी आहे, आणि पहाटेच्या पाळीला खेड्यापाड्यांतून त्यांना घेऊन येणाऱ्या बसगाड्यांची रांग शहराच्या वेशीवर रोज लागते.

नाशिकमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये भरपूर आहेत, टूल रूमचे कारागीर उत्तम आहेत, आणि जमीन व पाणी यांच्या तक्रारी असल्या तरी अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या पट्ट्यात काय बनू शकत नाही असा प्रश्न पडावा इतके वैविध्य आहे. उणीव आहे ती चाचणीच्या आणि आराखड्याच्या कामाची. आपली मुले पदवी घेऊन पुण्याला किंवा चेन्नईला जातात, माझ्यासारखी काही त्याहूनही दूर येतात, आणि नाशिककडे बनवण्याचे काम राहते, ठरवण्याचे राहत नाही. तितूसारखे केंद्र एका कंपनीने उभारावे की उद्योजक संघटना, महाविद्यालये आणि राज्य सरकार यांनी मिळून, यावर मतभेद असू शकतात; माझे मत विचाराल तर लहान पुरवठादारांनाही परवडेल असे सामायिक केंद्र हवे, कारण मोठ्या कंपनीचे केंद्र तिच्या सोयीने हलू शकते. विजेच्या गाड्यांमुळे इंजेक्टर, नोझल, क्लच आणि एक्झॉस्टचे काम येत्या काळात आटत जाणार हे उघड आहे, आणि त्या भागांवर जगणाऱ्या युनिटांची संख्या नाशिकमध्ये मोठी आहे. बॅटरीचे पत्र्याचे खोके, विजेच्या मोटरची आवरणे, जड तारांचे हार्नेस ही कामे आपल्या युनिटांच्या आवाक्यातली आहेत. बॅटरीच्या खोक्याच्या पत्र्याची सपाटी आणि जोडांची गळती तपासायची पद्धत आमच्याकडे सध्या रोजच्या वापरात आहे, आणि नाशिकच्या ज्या पुरवठादारांना ती समजून घ्यायची असेल त्यांच्यासाठी पुढच्या लेखात ती पायरी-पायरीने, मोजमापाच्या साधनांसह लिहिणार आहे.